कुणाचा भाऊ

लेटिस आत्याने रोझमेरीची जुडी दाराच्या कडीला बांधली आणि अँब्रोजदादाने ती सोडली. तिने पुन्हा बांधली. त्याने पुन्हा सोडायला हात घातला, तेव्हा आत्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"आधी मला हलव इथून, मग ती सोड," ती म्हणाली.

"आत्या, आज तारीख काय आहे?"

"माझ्या भावाला पुरायची. तूच ठरवलीस ना?"

"पंचवीस डिसेंबर आहे आज. दाराला हिरवं काही दिसलं की शिपाई म्हणणार, कॉर्फील्डांकडे नाताळ चाललाय."

"मेलेल्याच्या दाराला रोझमेरी बांधतात. माझ्या आजेसासूच्या दाराला होती, तुझ्या आईच्या वेळी याच दाराला होती."

"नाताळातही हीच बांधायचे ना?"

"मग दुसरा दिवस धरायचास."

दादा आदल्या संध्याकाळी शहरातून आला, मांडीपर्यंत चिखलाने माखलेला. बाबा परवा पहाटे गेले होते. तो त्यांच्या उशाशी बराच वेळ उभा राहिला, टोपी न काढता, आणि मग म्हणाला, "उद्याच उरकू." राजाला हटवून आता लष्कर राज्य करत होतं, आणि आमच्या भागावर बसवलेल्या मेजर जनरलांनी जिल्ह्यासाठी जे कमिशनर नेमले होते त्यांतला तो एक. नाताळ मोडीत निघाला होता, दुकानं उघडी ठेवायचा हुकूम होता. कमिशनरच्या घरी तो दिवस कामाचाच असतो, हे गावाने पाहावं असं त्याला वाटत होतं. म्हणून बाबांचं दफन हे त्या दिवसाचं काम.

"घोडे पळवायचे नाहीत, कोंबडे झुंजवायचे नाहीत," आत्या दाराशीच उभी राहून म्हणाली. "एलिसचा गुत्ता बंद, म्हातारी भीक मागत फिरतेय. आता तुझ्या त्या सोवळ्या राज्यात माणसानं मरायचं कसं तेही विचारून मरायचं का?"

"मरायला कुणी विचारत नाही. पुरताना विचारतात."

"ऐकलंस, उर्सुला? केवढी सवलत."

मी भट्टीतून केक काढत होते. जुडी दाराला राहिली. दादाने ती वादात हरला म्हणून राहू दिली असं मला तेव्हा वाटलं. आज वाटतं, आई गेली तेव्हा ती बांधायला त्यालाच स्टुलावर चढवलं होतं, ते त्याला आठवलं असावं.

आई गेली ती आमच्या धाकट्या भावाच्या, बार्नबीच्या बाळंतपणात. मी सात वर्षांची होते. खड्ड्याशी पाद्रीबाबांनी जुने शब्द म्हटले, त्यांत आईला ते 'आमची ही लाडकी बहीण' म्हणाले. मी बाबांचा हात ओढून मोठ्याने विचारलं, "कुणाची बहीण?" लोक माझ्याकडे बघायला लागले. बाबा खाली वाकले आणि म्हणाले, "इथं उभ्या आहेत त्या सगळ्यांची. तिथं खाली गेलं की एवढं एकच नातं उरतं." पुढे कित्येक वर्षं ते माझी थट्टा करायचे. मी त्यांच्याशी भांडले की म्हणायचे, "भांड, भांड. एक दिवस तुलाही मला भाऊ म्हणावं लागणार आहे."

शेवटच्या आठवड्यात त्यांना थट्टा सुचत नव्हती. त्यांनी एवढंच मागितलं. "मला मुक्यानं पुरू नका. ते शब्द म्हणा. मला भाऊ म्हणा." मी हो म्हटलं. ते शब्द म्हणायला दहा वर्षांपासून बंदी होती. नव्या नियमाप्रमाणे देह नीट न्यायचा, खड्ड्यात ठेवायचा, माती लोटायची. तिथे प्रार्थना नाही, वाचन नाही, गाणं नाही. आमच्या खेड्यात तो नियम इतकी वर्षं कुणी फारसा मनावर घेतला नव्हता. मेजर जनरल आल्यापासून घ्यावा लागत होता. जुन्या पाद्रीबाबांना चर्चमधून काढून टाकलेलं होतं; त्यांनी निरोप पाठवला की, आलो तर मला तुरुंग आणि तुम्हाला त्रास, घरूनच म्हणेन. पण घरून म्हटलेलं बाबांच्या कामाचं नव्हतं.

ही गोष्ट मी दादाला रात्रीच सांगितली होती. तो म्हणाला, "नाही." एवढंच.

*

माळ्यावरच्या खोलीत बार्नबी बाबांचा काळा डगला घालून बघत होता. तो खांद्यात सैल होत होता. दादा वर आला आणि दार लावून घेतलं. त्या खोलीत काय झालं ते मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलंय, पण शब्द तेच.

बार्नबी वूस्टरच्या लढाईत राजाच्या बाजूने होता, विशीतला पोरगा. दादा त्याच मैदानात दुसऱ्या बाजूला. लढाईनंतर बाबांनी दोघांना एका टेबलावर समोरासमोर बसवून एकाच भांड्यातून जेवायला लावलं होतं. ते टेबल म्हणजे बाबांचं राज्य. त्याबाहेर बार्नबी जामिनावर होता. कमिशनरसमोर त्याने लिहून दिलं होतं: गावाबाहेर जाणार नाही, हत्यार बाळगणार नाही, राजाच्या माणसांत मिसळणार नाही, बंदी असलेल्या कुठल्याही उपासनेला हजर राहणार नाही. जामीन दादाच होता.

"आज तिथं तोंड उघडायचं नाही," दादा म्हणाला.

"मी केव्हा उघडतो? घरात आत्या आहे."

"चेष्टा नको. मार्चमध्ये बंड झालं त्यातली पोरं कुठं आहेत ठाऊक आहे? बार्बाडोस बेटावर, उसाच्या मळ्यात. परत कुणी येत नाही तिथून."

"ठाऊक आहे. त्यातले दोघं माझ्याबरोबर पोहायला यायचे."

"मग?"

"मग काय? गप्प राहीन. शब्द दिला." बार्नबीने डगल्याच्या बाह्या वर सारल्या. "पण दादा, बाबांनी मागितलंय ते. तुला नाही वाटत काही?"

दादा खिडकीशी गेला. त्याचा त्या जुन्या शब्दांवर विश्वास नव्हता. मेलेल्यासाठी बोलून मेलेल्याचं काही होत नाही, त्याचा निवाडा आधीच झालेला असतो, असं तो मनापासून मानत होता. लोकांना वाटायचं तो पदासाठी बदलला. तसं नव्हतं. बदलला म्हणून त्याला पद मिळालं. आणि त्याला खरोखरच वाटत होतं की या घरात सगळं नियमाने झालं, एकही बोट दाखवायला जागा राहिली नाही, तर तो आम्हा सगळ्यांना या दिवसांतून पार नेईल.

"मला काय वाटतं ते बाजूला ठेव," तो म्हणाला. "तू घरी राहिलेला मला हवा आहेस."

बार्नबी म्हणतो, दादा त्याच्याशी आयुष्यात इतकं गोड कधी बोलला नव्हता, म्हणून त्याला हसू आलं.

*

शेजारीपाजारी जमले तेव्हा पेटी बैठकीच्या खोलीत दोन बाकांवर होती. प्रत्येकाच्या हातात रोझमेरीची डहाळी. मी केक आणि गरम बिअर फिरवत होते. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. तेवढ्यात अंगणात घोडे आले, आणि ते एकदोन नव्हते.

कॅप्टन हॅरॉप चाळिशीचा, थकल्या डोळ्यांचा माणूस. टोपीवरून पाणी गळत होतं. त्याने दाराची जुडी पाहिली, टेबलावरचे केक पाहिले, हातातल्या डहाळ्या पाहिल्या.

"नाताळ चाललाय?" त्याने विचारलं.

पेटी माणसांच्या आड गेली होती, ती त्याला दिसली नव्हती. त्याने एक केक उचलून मोडला आणि उजेडात धरला.

"मनुका शोधताय?" लेटिस आत्या म्हणाली. "नाहीत. शहाजिरं आहे. शहाजिऱ्याचा केक नाताळात कोण खातं? खा की, मोडलाच आहे तर."

माणसं बाजूला झाली. कॅप्टनला पेटी दिसली. त्याने केक खाली ठेवला आणि टोपी काढली, हे मी त्याच्या बाजूने सांगते. तेव्हा दादा पुढे झाला आणि आपलं नाव सांगितलं. कॅप्टनचा चेहरा उतरला.

"साहेब, मला कल्पना नव्हती. आम्ही या भागात नवे आहोत."

"हरकत नाही. माझे वडील. आम्ही आता निघतोच आहोत."

मला वाटलं, संपलं. कॅप्टन मात्र हलेना. तो टोपी हातात फिरवत होता आणि त्याची माणसं दाराशी गर्दी करून बघत होती.

"साहेब, हुकूम आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "जामिनावरचा माणूस ज्या घरात आहे, तिथून पेटी निघाली तर उघडून पाहायची. बंदुका जातात अशा."

"मला ठाऊक आहे हुकूम काय आहे."

"हो. सही तुमचीच आहे."

मी दादाकडे पाहत होते. आत्या, बार्नबी, सगळेच त्याच्याकडे पाहत होते. एक शब्द पुरे होता: माझा बाप आहे. कॅप्टन तो शब्द घ्यायला तयार उभा होता.

"उघडा," दादा म्हणाला.

खिळे निघताना लाकूड ओरडलं. कफनाची डोक्याकडची गाठ आत्याने स्वतः बांधली होती. शिपायाला ती सुटेना, म्हणून त्याने चाकू लावला. कापड बाजूला झालं. बाबांची हनुवटी बांधली होती ती पट्टी सरकली आणि त्यांचं तोंड उघडलं, काही बोलायचं राहून गेल्यासारखं. शिपायाने म्यान त्यांच्या पायाशी, कुशीशी दाबून पाहिलं. रोझमेरीच्या काड्या मोडल्याचा आवाज आला.

आत्या किंचाळेल असं मला वाटलं होतं. ती पुढे गेली, तिने शिपायाचं मनगट धरून बाजूला केलं, पट्टी पुन्हा बांधली, कापलेल्या कापडाची दोन टोकं जोडून नवी गाठ मारली. मग दादाकडे न बघता म्हणाली, "सापडली का रे बंदूक?"

दादाच्या कानांच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या होत्या. लहानपणी मार खाल्ल्यावर पडायच्या तशा.

*

कॅप्टन आणि त्याची बारा माणसं आमच्यामागून चर्चच्या आवारात आली. तेही हुकुमातलंच होतं. आईच्या शेजारी खड्डा खणला होता, त्यात तळाला पाणी साचलं होतं. पेटी उतरवली. दोर वर आले. नियमाप्रमाणे आता माती लोटायची होती.

मी तोंड उघडलं. मला शब्द पाठ होते. रात्रभर म्हणत होते. पण समोर बार्नबी उभा होता, डगल्याच्या बाहीत हात आत ओढून घेतलेले, आणि त्याने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. नको. मी दात आवळले. बाबांना मी दिलेलं वचन तिथेच संपलं, असं मला त्या क्षणी वाटलं.

तेव्हा लेटिस आत्या काठी टेकत खड्ड्याच्या कडेशी गेली. वाकून तिने मूठभर माती घेतली.

"हा आमचा लाडका भाऊ," ती म्हणाली.

कॅप्टन पुढे आला. "आजीबाई, प्रार्थना चालणार नाही."

"प्रार्थना कुठली? भाऊ आहे माझा. जर्व्हिस. मी तीन वर्षांची असताना झाला. त्याला भाऊ म्हणू नको तर काय म्हणू, कॅप्टन म्हणू?"

मागे कुणीतरी हसलं. शिपायांपैकीच कुणीतरी. आत्याने माती खाली सोडली.

"मातीतून आला, मातीत जातोय," ती अगदी घरात बोलते त्या आवाजात म्हणाली. "राखेची राख व्हायची. पुन्हा उठायचंय, त्याची मला खात्री आहे, म्हणून मी रडत नाहीये, दिसतंय ना?" तिने दुसरी मूठ घेतली. मला कळलं ती काय करतेय. ते जुनेच शब्द होते, क्रमाने, एकही न गाळता, फक्त कपडे बदललेले. जमलेल्या प्रत्येक माणसाला कळलं. एलिस म्हातारी ओठ हलवत होती. त्या सगळ्या गर्दीत हे शब्द साध्या खरेपणाने म्हणता येतील असं एकच माणूस होतं, आणि ते आमच्या कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"आजीबाई, थांबा," कॅप्टन म्हणाला. आत्या थांबली. तिला अजून अर्धं म्हणायचं होतं.

कॅप्टन दादाकडे वळला. आपल्या माणसांना ऐकू जाईल असं, आणि मला आजही वाटतं, जरा विनवणीच्या सुरात त्याने विचारलं, "कमिशनरसाहेब, बाई भावाशी बोलतेय असं मी धरतो. तुम्ही तसं म्हणा, म्हणजे झालं. नुसतं बोलणं की प्रार्थना?"

दादाने खड्ड्यात पाहिलं. मग आत्याकडे.

"प्रार्थना," तो म्हणाला.

पहिल्यांदा मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. कॅप्टनलाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने पुन्हा विचारलं. दादाने पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्याने.

"अरे पोरा," आत्या म्हणाली. बाकी काही नाही.

म्हातारीला नेऊन काय करणार, असं कॅप्टन पुटपुटला. पण जामिनावरच्या माणसाचं वेगळं होतं. बंदी असलेल्या उपासनेला तो हजर होता, कमिशनरच्या तोंडून ते शाबीत झालं होतं. एका शब्दानेही न बोललेला बार्नबी कडेवरून मागे सरला. शिपायांनी त्याचे हात धरले तेव्हा तो विरोध करेल म्हणून मी धास्तावले. त्याने केला नाही.

"एकदा तरी खोटं बोलायचंस रे, दादा," तो म्हणाला. "बाबांसाठी नाही, माझ्यासाठी." मग माझ्याकडे वळून: "ताई, डगला बाबांचा आहे. काढून ठेवू का?"

"राहू दे," मी म्हटलं. "थंडी आहे."

माझ्या तोंडून एवढंच निघालं. मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत. त्यांत अशा वेळी माणसं बरंच काही बोलतात.

*

लोक पांगले. आत्याला एलिसने घरी नेलं. कबर खणणारा फावडं टाकून केव्हाच निघून गेला होता. अशा ठिकाणी थांबायची कुणाला हौस नव्हती. दादाने फावडं उचललं आणि माती ओढायला लागला. मी हात लावला नाही. जागची हललेही नाही.

"तुला कळायला हवं," तो माती लोटता लोटता म्हणाला. "तुला तरी."

"काय?"

"नुसतं बोलणं आहे म्हटलं असतं, तर बाबांना काय मिळालं असतं, उर्सुला? म्हातारीची बडबड. त्यांनी बडबड मागितली नव्हती." तो थांबला. "माझा विश्वास नाही त्या शब्दांवर. पण ती प्रार्थना होती. त्यांच्या खड्ड्याशी उभा राहून ती नव्हती असं मी म्हणू शकलो नाही."

मला त्याचा राग करायचा होता. मी तो शोधत होते, जसा अंधारात माणूस भिंत शोधतो, आणि हाताला भिंत लागत नव्हती. मी जे बाबांना कबूल केलं होतं ते दादाने पुरं केलं होतं, आणि त्याची किंमत बार्नबी होता.

"तुला माहीत होतं ते त्याला नेतील?"

"ती अट मीच वाचून दाखवली होती त्याला."

पुन्हा फावड्याचा आवाज. खड्डा निम्मा भरला तेव्हा तो टेकला. डोक्यावरची टोपी काढून त्याने आईच्या दगडावर ठेवली. घरात, बाबांच्या उशाशी, पेटी उघडताना, कधीच काढली नव्हती ती.

"तिचं अर्धं राहिलं," तो म्हणाला. "पुढचं काय होतं? मला आठवत नाही आता."

"अर्ध्यातून म्हणत नाहीत. पहिल्यापासून म्हणावं लागतं."

"मग सांग."

मी सांगितलं, एकेक तुकडा, जशी मला एकेकाळी त्याने मुळाक्षरं सांगितली होती. तो माझ्यामागून म्हणायला लागला.

"हा आमचा लाडका भाऊ," मी म्हटलं.

"हा आमचा लाडका," दादा म्हणाला.

खाली ओढ्यावरच्या लाकडी पुलावर बार्नबीला नेणारे घोडे चढले होते. पाऊस पडून गेल्यावर आमच्याकडे आवाज फार लांबून येतो. मी थांबले. दादाच्या हातात मातीची मूठ होती, तो पुलाकडे बघत होता आणि त्याचे ओठ तो पुढचा शब्द जुळवत होते. शेवटचा घोडा पूल उतरेपर्यंत ते जुळवतच राहिले.